नवं मॉड्यूल सी प्लस प्लसमध्ये की रस्टमध्ये?

जुना, चालता कोड सी प्लस प्लसचा. नवं मॉड्यूल लिहायचंय आणि टीममध्ये कुणीतरी रस्टचं नाव काढलंय. अशा वेळी भाषांचे गुणगान ऐकण्याआधी एक छोटी चूक दोन्हींकडे करून बघावी.

व्हेक्टरमधल्या (म्हणजे गरजेप्रमाणे वाढणाऱ्या यादीतल्या) पहिल्या घटकाचा रेफरन्स, म्हणजे मेमरीतला पत्ता, घ्या आणि मग त्याच व्हेक्टरमध्ये आणखी एक घटक टाका. जागा अपुरी पडली की व्हेक्टर सगळं बिऱ्हाड मेमरीत दुसरीकडे हलवतो. तुमच्या हातात जुन्या घराचा पत्ता उरतो. सी प्लस प्लसचा कंपायलर यावर सहसा चकार शब्द काढत नाही. टेस्टमध्येही कदाचित निभावतं, कारण तिथे जागा पुरलेली असते. ॲड्रेस सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका शोधणारं साधन) ही चूक पकडतो, पण टेस्ट नेमकी त्या वाटेने गेली तरच. रस्टचा बॉरो चेकर (कंपायलरमधला रेफरन्स तपासणारा भाग) मात्र कंपाइल करतानाच अडवतो: तो रेफरन्स पुढे वापरायचा असेल तर मधे व्हेक्टर बदलायचा नाही. सुरुवातीचे काही आठवडे या चेकरशी भांडण्यात जातात. (डबली लिंक्ड लिस्ट, म्हणजे मागेपुढे दोन्हीकडे दुवे असलेली यादी, लिहून रस्ट शिकायला जाऊ नका, एवढं ऐका.)

हा त्रास कशासाठी? आपल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा चुकांचे असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण २०१९ ला ७६ टक्के होतं, २०२४ मध्ये २४ वर आलं. तेही सगळा जुना कोड पाडून नव्हे. नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतला म्हणून. त्यामुळे ‘सगळंच रस्टमध्ये आणू’ म्हणणाऱ्याला आधी चहा पाजा.

रस्ट म्हणजे कवचकुंडलंही नव्हेत. २०२१ चा लॉगफोरशेल हा गाजलेला सुरक्षा-दोष जावाच्या एका लायब्ररीत सापडला, आणि जावा मेमरीच्या बाबतीत सुरक्षितच भाषा. शिवाय रस्टमध्ये ‘अनसेफ’ लिहून काही तपासण्या बाजूला ठेवल्या की त्या ब्लॉकची जबाबदारी पुन्हा तुमच्यावर.

सी प्लस प्लसचं खरं बळ आधीपासून असलेल्या कोडमध्ये आहे. टेम्प्लेट आणि क्लासची गुंतागुंत रस्टच्या सीमेपलीकडे नीट जात नाही. बहुधा मधे सी-छाप साधा इंटरफेस बांधावा लागतो. मॉड्यूल क्यूटीच्या (खिडक्या-बटणं बनवायच्या सी प्लस प्लस लायब्ररीच्या) खिडक्यांत अडकलेलं असेल, तर मी सी प्लस प्लसच ठेवीन. पण बाहेरून आलेली फाइल किंवा नेटवर्कचं पॅकेट उलगडणारा पार्सर असेल, तर रस्ट. इंटरफेस तिथे दोन-तीन फंक्शनांत आटोपतो.