शांतिनिकेतनची मार्गदर्शित फेरी : चीन भवनासाठी तरी घ्यावीच

विद्यापीठांमधील सहकार्य करारमदारांआधी माणसांच्या स्नेहावर कसे उभे राहते, हे पाहायचे असेल तर स्थानिक मार्गदर्शकासोबतची ही फेरी जरूर घ्यावी. रवींद्रनाथ १९२४मध्ये चीनला गेले तेव्हा सोबत चित्रकार नंदलाल बोस होते. पुढे सिंगापूरला रवींद्रनाथांना भेटलेले चिनी अभ्यासक तान युन-शान १९२८मध्ये शांतिनिकेतनात येऊन शिकवू लागले, आणि त्यांनी चीनमध्ये जाऊन जमवलेल्या निधीतून व ग्रंथांतून १९३७मध्ये चीन भवन, म्हणजे येथील विश्वभारती विद्यापीठाचे चिनी भाषा-संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र, साकारले. तेथील बिनोदबिहारी मुखर्जींच्या १९४२च्या भित्तिचित्रासमोर मार्गदर्शकाने आम्हांला बराच वेळ निवांत उभे राहू दिले. आश्रमातील रोजचे जगणे टिपणाऱ्या त्या मोजक्या, वाहत्या रेषा पाहताना माझे मन भरून आले. कला भवनात, म्हणजे विद्यापीठाच्या कलाविभागात, मात्र घाई झाली, याची हळहळ वाटते. शुल्क आधीच ठरवून घ्यावे.