बुटाच्या खोक्यातला नाताळ: खोका भरण्याआधी हे वाचा

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा आला की अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमध्ये बुटाच्या खोक्यांची चळत लागते. कधी भेटणार नाही अशा, दूरदेशीच्या गरीब मुलासाठी एक खोका भरायचा, हा ‘सॅमॅरिटन्स पर्स’ या अमेरिकेतल्या ख्रिस्ती मदतसंस्थेचा ‘ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड’ उपक्रम. १९९० मध्ये वेल्समधल्या डेव्ह आणि जिल कुक या दांपत्याने रोमानियातल्या अनाथ मुलांसाठी तो सुरू केला. १९९३ पासून तो या संस्थेकडे आहे आणि आजवर २० कोटींहून जास्त खोके पोचले आहेत. तिकडच्या मराठी कुटुंबांनी घरातल्या मुलांना घेऊन हे जरूर करावं, पण खोका विचार करून भरणार असाल तरच.

आधी मुलगा की मुलगी ते ठरवा आणि वयोगट निवडा: २ ते ४, ५ ते ९ किंवा १० ते १४. सगळ्यात कमी खोके येतात ते १० ते १४ वयाच्या मुलग्यांसाठी. बाहुल्या, रंगपेट्या चटकन सुचतात. तेरा वर्षांच्या पोराला काय द्यायचं ते सुचत नाही. म्हणून पहिला खोका त्याच्यासाठीच भरा.

एक मोठी वस्तू आधी ठरवून मग उरलेली जागा भरावी. फुटबॉल उत्तम, पण हवा काढून, आणि सोबत पंप व पिन हवीच. पंप विसरला तर त्या मुलाच्या हाती चामड्याची चपटी पोळी पडते, आणि त्याच्या गावात पंप मिळेलच असं नाही. पिन सुटी टाकली तर ती तळाशी कुठेतरी हरवते. पंपालाच चिकटपट्टीने बांधा. हाच विचार प्रत्येक वस्तूला लावा. पेन्सिली दिल्या तर शार्पनर आणि खोडरबर द्या, कुलूप दिलं तर किल्ली त्यातच अडकवा, बॅटरीचं खेळणं असेल तर जादा बॅटऱ्या. वह्या उभ्या कडेला लावल्या की दुमडत नाहीत. साबणाची वडी झिपच्या पिशवीत घाला, नाहीतर सगळ्या खोक्याला तोच वास लागतो. टूथब्रश चालतो, टूथपेस्ट चालत नाही. गोळ्या-चॉकलेटं, खाऊ, औषधं, कुठलाही द्रव पदार्थ, काच, वापरलेल्या वस्तू, खेळण्यातली बंदूक यांनाही मनाई आहे. कारणं साधी आहेत: कस्टमचे नियम, गळती, तूटफूट. तपासणी केंद्रावर स्वयंसेवक प्रत्येक खोका उघडतात आणि असं काही निघालं तर काढून ठेवतात.

आता चिठ्ठी. बहुतेक घरं इथेच कमी पडतात. ‘आमच्याकडे सगळं आहे, तुझ्याकडे नाही’ असा सूर चुकूनही नको. स्वतःचं नाव, आवडता खेळ, एखादं चित्र, घरच्यांचा फोटो, बस्स. आपल्या मुलांनाही ‘बघ, त्यांच्याकडे काहीच नाही’ असं सांगून कृतज्ञता शिकवू नये. त्यातून कीव शिकली जाते. वाटपाच्या वेळी मुलं आकडे मोजून एकदम खोके उघडतात. कुणी साबण नाकाशी धरतं, कुणी नवी पेन्सिल शेजाऱ्याला दाखवतं. ‘मी याला लायक आहे का’ हा प्रश्न त्या चेहऱ्यांवर नसतो. येशूने बालकांना जवळ घेतलं तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी काही आणलं नव्हतं. त्यांना नुसतं घेता येत होतं. कृपा म्हणजे हेच, आणि भरल्या घरातली माणसं नेमकं हेच विसरतात. खोका भरताना टेबलाशी बसून मुलांसोबत हे बोला. थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला आभार मानण्याचा सण, त्याच सुमारास येतो. त्या दिवशीची उपकारस्तुती मग पाठ केलेली वाटत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. एका खोक्याने कुणाची गरिबी हटत नाही. शाळेची फी, औषधपाणी, रोजचं जेवण यांसाठी मदत करायची असेल तर स्थानिक संस्थेला दर महिन्याला पैसे देणं जास्त उपयोगी. खोक्यामागे वाहतुकीसाठी १० डॉलर वेगळे मागितले जातात. ते ऑनलाइन भरले तर लेबल मिळतं आणि खोका कुठल्या देशात गेला ते पुढे कळतं, मूल कोण ते कळत नाही. मुलांना शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या संदेशाची पुस्तिका दिली जाते आणि पुढे १२ धड्यांच्या बायबलवर्गाचं आमंत्रणही असतं. ज्यांना निव्वळ मदत करायची आहे त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. शिवाय बरेच खोके नाताळ उलटून गेल्यावर पोचतात, तेव्हा चिठ्ठीत ‘आज नाताळ आहे’ असं लिहू नका.

खोक्याला टेप लावू नका, तो उघडून तपासायचा असतो. दोन रुंद रबरबँड पुरतात.