डेसिबल मीटर: तीन डेसिबलचा फरक किरकोळ नसतो

हातात धरायचा साधा डेसिबल मीटर घेऊन आता बरेच महिने झाले. डिस्प्ले, फास्ट-स्लो (आकडा किती झटपट बदलतो ते), ए आणि सी वेटिंग (कोणत्या सुरांना किती वजन द्यायचं ते) सगळं ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते फक्त तीन डेसिबलबद्दल.

ओळखीतून एक कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर बरोबर दाखवतो का ते तपासायचं यंत्र, हाती आला. तो १ किलोहर्ट्झचा, बरोब्बर ९४ डेसिबलचा सूर देतो. माइकवर बसवला तर मीटर दाखवतो ९७! सर्व्हिस सेंटरला कळवलं, तर उत्तर आलं, "सर, ९४ ला ३ म्हणजे तीनच टक्के. एवढं चालतं."

डोकंच फिरलं. डेसिबल ही लॉगची (लॉगॅरिदमची) मोजपट्टी आहे, तिथे असे टक्के काढतच नाहीत. २ चा लॉग ०.३०१, त्याला १० ने गुणलं की ३.०१. म्हणजे ३ डेसिबल चढा आकडा याचा अर्थ तीव्रता जवळजवळ दुप्पट दाखवली. चूक तीन टक्क्यांची नाही, शंभर टक्क्यांची आहे. आवाज मोजायचं यंत्र विकणाऱ्यांना एवढं ठाऊक असायलाच हवं.

परतच करणार होतो. मग कॅलिब्रेटर ११४ वर टाकून पाहिला. मीटर म्हणतो ११७. इथे माझं मत बदललं. चूक सगळीकडे तेवढीच असेल तर वजाबाकीत ती उडून जाते, आणि मला बहुतेक वेळा तुलनाच करायची असते. पाण्याचा जुना पंप ७१, नवा ६५, दोन्ही एकाच जागी, एकाच अंतरावरून. दोन्ही आकडे चढे, पण ६ चा फरक खरा. तीव्रता चौथाईवर आली. तरी कानाला नवा पंप निम्म्या आवाजाचा वाटत नाही, कारण निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. अर्थात पंप बंद असतानाचा आवाज निदान १० ने खाली हवा, नाहीतर तोही आकड्यात मिसळतो.

सरासरी हा मीटर काढत नाही. स्वतः काढताना जपून: निम्मा वेळ ६० आणि निम्मा वेळ ८० असेल तर सरासरी ७० नाही, ७७ येते, कारण सरासरी तीव्रतेची काढायची, डेसिबलच्या आकड्यांची नाही.

तुलनेसाठी घ्या, बिनधास्त. आवाजाच्या ठरलेल्या मर्यादेशी आकडा ताडून पाहायचा असेल तर कॅलिब्रेटरशिवाय यावर भरवसा ठेवू नका. बाजूला आकडा जुळवायचा बारीक स्क्रू आहे, पण त्यावर वॉरंटीचं स्टिकर. चालता मीटर टाकून नवा घेणं मला पटत नाही. वॉरंटी संपली की स्टिकर काढून तो ९४ वर आणणार. तोवर वहीत प्रत्येक नोंदीपुढे "वजा ३" लिहितोय.