क्यूवरच्या नक्षीसाठी घरचं ३०१८ की शिरोलीचा व्हीएमसी?

पूल क्यूच्या (पूल खेळायच्या काठीच्या) बुडख्यात, म्हणजे जाड टोकात, शिंपल्याची नक्षी बसवायला घरचं ३०१८ सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं टेबलावरचं छोटं कोरीव यंत्र, पुरतं. घाई मात्र चालत नाही. ०.८ मिमीचा कटर, शिसवीत एका पासला (कटरच्या एका फेरीला) ०.१५ मिमी खोली, बस्स. जास्त घेतलं की गॅन्ट्री (कटर धरणारी आडवी चौकट) लवते, कटर तुटतो. खाचेचा आतला कोपरा ०.४ मिमी त्रिज्येचा गोलच येणार. शिंपल्याच्या तुकड्याचं टोकही तेवढंच गोल करा. दर बाजूला ०.०५ मिमी सैल ठेवा, नाहीतर इपॉक्सीला (चिकटवायच्या गोंदाला) जागाच उरत नाही. बुडखा गोल, म्हणून खोली खाचेच्या कडेपासून मोजा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या व्हीएमसीवर (कारखान्यातल्या मोठ्या, भक्कम सीएनसी यंत्रावर) माप हलत नाही. पण एकाच क्यूसाठी सेटिंगचे पैसे, शिवाय लाकडाचा भुसा कूलंटमध्ये (कटर थंड ठेवणाऱ्या द्रवात) गेलेला कुणाला आवडतो? सारखे दहा-बारा नग असतील तरच जा. शिंपला मात्र पाण्यातच कापा. त्याची धूळ छातीला वाईट.