प्रीसेट की लट? लग्नाच्या फोटोंसाठी निवड करताना

लग्नाच्या ऑर्डरी नव्याने घ्यायला लागलेली मुलं माझ्याकडे बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, प्रीसेटचा पॅक घेऊ की लट्सचा?" दोन्ही म्हणजे फोटोचे रंग बदलायच्या तयार फाईली (लट म्हणजे इंग्रजीतलं LUT), आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात: डावीकडे फिका फोटो, उजवीकडे देखणा फोटो, मध्ये एक रेघ. त्यामुळे दोन्ही एकच वस्तू आहे असं वाटणं साहजिक आहे. पण दोघांची काम करायची पद्धत मुळातच निराळी आहे, आणि कोणती वस्तू तुमच्या उपयोगाची हे त्या पद्धतीवरून ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, फोटो काढून लाईटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याने आधी प्रीसेट घ्यावा, आणि तो उघडून आपल्या हाताने दुरुस्त करण्यासाठीच घ्यावा. लट त्यानंतर, ठरावीक कामांपुरती. मात्र व्हिडिओचं कामही तुमच्याकडेच असेल तर गणित बदलतं. त्याकडे पुढे येतो.

दोघांच्या पोटात काय असतं

प्रीसेट म्हणजे स्लायडरांच्या जागांची नोंद. हायलाइट्स उणे चाळीस, शॅडोज अधिक वीस, पिवळ्याची छटा थोडी नारिंगीकडे, टोन कर्व्हचा आकार असा असा. प्रीसेट लावला की तुमचे स्लायडर त्या जागांवर जाऊन बसतात. तिथून पुढे कोणताही स्लायडर पकडून मागे घ्या, कोणी अडवत नाही. समोरच्याने काय केलंय ते सगळं उघड दिसतं. मी रंगांचं निम्मं शिक्षण दुसऱ्यांचे प्रीसेट उघडून बघण्यात घेतलं आहे.

लट म्हणजे कलर लुकअप टेबल, रंगांचा तयार तक्ता. अकरावी-बारावीला लॉग टेबल वापरलेल्यांना ही कल्पना चटकन कळेल. आकडा शोधायचा, त्याच्यासमोरचं उत्तर उचलायचं, आणि नेमका आकडा तक्त्यात नसेल तर मीन डिफरन्स धरून मधलं उत्तर काढायचं. लटही तेच करते. लटची एखादी फाईल, म्हणजे डॉट क्यूब फाईल, नोटपॅडमध्ये उघडून बघा. वरच्या ओळींत बहुधा ३३ हा आकार लिहिलेला असतो. खाली ३३ गुणिले ३३ गुणिले ३३, म्हणजे ३५,९३७ ओळी, आणि प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. फोटोतला प्रत्येक पिक्सेल या तक्त्यापुढे जातो, आपले तीन आकडे देतो आणि बदललेले तीन आकडे घेऊन परततो. मधल्या रंगांसाठी शेजारच्या बिंदूंवरून हिशोब होतो. काही लट्स १७ च्या असतात, त्यांत फक्त ४,९१३ बिंदू. अशा लटने रंग जोरात फिरवले की निळं आकाश किंवा गुळगुळीत पडदा पट्ट्यापट्ट्यांचा दिसण्याचा धोका जास्त.

आता यातून काय निघतं ते बघा. तक्त्याला एका वेळी एकच रंग दिसतो. तो पिक्सेल फोटोच्या कोपऱ्यात आहे की नवरीच्या गालावर, शेजारी काय आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून शार्पनिंग, नॉइज कमी करणं, ग्रेन, कडा गडद करणं, लेन्सची वाकडी रेघ सरळ करणं, मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरता बदल), यातलं काहीच लटमध्ये मावत नाही. ही सगळी कामं प्रीसेटमध्ये भरून ठेवता येतात.

चुडा तपकिरी झाला तेव्हा

काही वर्षांपूर्वी मी एक विकतचा पॅक घेतला होता. बाहेरदेशी चालणारा मऊ, फिकट, उजेडी लूक होता तो. शेतात, समुद्रावर काढलेल्या फोटोंना छान दिसायचा. मी घाईत तो एका लग्नाच्या सगळ्या फोटोंना लावला आणि अल्बम छापून दिला. नवरीची आई पानं उलटता उलटता एका फोटोवर थांबली. अंतरपाटाआडून हात पुढे आलेला, ओंजळीत अक्षता. त्यांनी बांगड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, आमचा चुडा हिरवा होता हो."

खरंच होता. अल्बममध्ये तो वाळलेल्या पानासारखा झाला होता. मी ते पान स्वखर्चाने पुन्हा छापून दिलं, पण त्यांच्या आवाजातली खंत माझ्या मनातून गेली नाही.

घरी येऊन प्रीसेट उघडला. हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उणे पासष्ट, ह्यू (छटा) पिवळ्याकडे. बनवणाऱ्याचं चुकलेलं नव्हतं. त्याच्या फोटोंत हिरवं म्हणजे गवत, आणि भडक गवत त्याला नको होतं. आपल्याकडे हिरवं म्हणजे सौभाग्याचा चुडा. मी हे दोन स्लायडर शून्यावर आणले, पिवळ्याचा स्लायडर थोडा मागे घेतला कारण हळद केशरी दिसत होती, आणि बदललेला प्रीसेट स्वतःच्या नावाने सेव्ह केला. पुढच्या लग्नाला तोच लावला. पाच मिनिटांचं काम.

मग हाच प्रयोग साधारण त्याच लूकच्या लटवर केला. फोटोशॉपमध्ये कलर लुकअपचा लेयर टाकला आणि चुडा पुन्हा तपकिरी. आता कुठे हात घालणार? तक्त्यात "हिरवा" नावाचा स्लायडर नाही, ३५,९३७ ओळी आहेत. लेयरची ओपॅसिटी, म्हणजे त्याचा प्रभाव, निम्मी केली तर चुडा अर्धवट हिरवा झाला आणि अख्खा लूकच उतरला. बांगड्यांवर मास्क काढला तर काम झालं, पण एका फोटोपुरतं. सहाशे फोटोंवर कोण मास्क काढत बसणार?

निर्णय घेताना मला हा फरक सगळ्यांत मोठा वाटतो. प्रीसेट चुकला तर दुरुस्त होतो. लट चुकली तर ती सौम्य करता येते, झाकता येते किंवा काढून टाकता येते.

पण लटचं एक बळ आहे

लाईटरूममधला पिवळ्याचा स्लायडर हलवला की फोटोतलं सगळं पिवळं हलतं: हळद, झेंडू, मांडवाचं कापड, सोन्याचे दागिने आणि थोडाफार चेहराही. सावळ्या कांतीच्या माणसावर नारिंगीचा ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवला की चेहरा पिठूळ दिसतो, तोही याच कारणाने. लटला हा भेद करता येतो. गडद पिवळ्याला एक उत्तर, फिक्या पिवळ्याला दुसरं, उजेडातल्याला तिसरं, कारण तिच्याकडे प्रत्येक जोडणीची वेगळी ओळ असते. चांगल्या कलरिस्टने बनवलेल्या लटमध्ये एका रंगातून दुसऱ्यात जाणारी जी सलगता दिसते ती साध्या स्लायडरांनी साधणं अवघड आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लाईटरूममध्ये पॉइंट कलर आलं आणि ही दरी बरीच कमी झाली. आता नेमका एक रंग टिपून तेवढाच हलवता येतो, आणि तो बदल प्रीसेटमध्ये साठवताही येतो.

आधी की नंतर

लटला समोरचा फोटो आधीच सरळ हवा असतो. समजा, सावल्यांत निळसर-हिरवी झाक टाकणारी लट आहे. मांडवात नवरदेवाचा चेहरा एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाने, अंधारात आलाय. तक्त्याच्या लेखी तो चेहरा म्हणजे सावलीच, म्हणून निळसर झाक थेट गालांवर बसते. मुंडावळ्यांखालचा तो चेहरा आजारी दिसायला लागतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती) लटच्या आधी दुरुस्त करायचं. फोटोशॉपमध्ये याचा अर्थ असा की दुरुस्तीचा कर्व्ह लटच्या लेयरच्या खाली ठेवायचा. वर ठेवलात तर निळा झालेला चेहरा नुसता उजळ होईल.

लाईटरूममध्ये ही चिंता फारशी नाही. स्लायडर कोणत्या क्रमाने हलवलेत याने फरक पडत नाही, सॉफ्टवेअर आपल्या ठरलेल्या क्रमानेच हिशोब करतं. प्रीसेट आधी लावा, एक्स्पोजर नंतर उचला, चालतं. फक्त विकतच्या प्रीसेटमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर भरलेलं नाही ना, ते तपासा. भरलेलं असेल तर दुपारची हळद आणि रात्रीचं रिसेप्शन दोन्हींवर प्रकाशाच्या रंगाचा, म्हणजे केल्विनचा, एकच आकडा ठोकला जातो. शिवाय जेपीजीवर व्हाइट बॅलन्सचा स्लायडर केल्विनमध्ये नसतोच, उणे शंभर ते अधिक शंभर असा असतो, त्यामुळे रॉसाठी बनवलेला प्रीसेट जेपीजीवर वेगळाच दिसतो. मी माझ्या सगळ्या प्रीसेटमधून या दोन्हींच्या खुणा काढून ठेवल्या आहेत.

दोन कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर दोन्ही पर्याय सारखेच अडचणीत येतात. आधी दोन्हींचे रंग जुळवा, मग लूक.

व्हिडिओही तुमच्याकडे असेल तर

आता अल्बमबरोबर लग्नाची फिल्मही मागतात, आणि फोटो व फिल्म एकाच घरातली वाटावीत अशी अपेक्षा असते. इथे लटला पर्याय नाही. लाईटरूमचा प्रीसेट दाविंची रिझॉल्व्हसारख्या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. क्यूब फाईल मात्र रिझॉल्व्ह, प्रीमियर, फायनल कट, फोटोशॉप, अ‍ॅफिनिटी आणि फुकट मिळणारं डार्कटेबल, सगळीकडे चालते. स्वतःची लट बनवणंही अवघड नाही. फोटोशॉपमध्ये फोटोवर कर्व्ह, ह्यू-सॅच्युरेशन वगैरेंचे लेयर टाकून लूक जमवा आणि एक्स्पोर्टमध्ये जाऊन कलर लुकअप टेबल्स निवडा. मास्क लावू नका, ते तक्त्यात उतरत नाहीत.

इथली नेहमीची चूक सांगतो. लट्स दोन जातीच्या असतात. एस-लॉग ३ किंवा व्ही-लॉगसारख्या फिक्या, करड्या व्हिडिओला नेहमीच्या टीव्हीच्या रंगांत आणणारी एक, आणि त्यावर लूक चढवणारी दुसरी. पहिल्या जातीची लट साध्या जेपीजीवर लावली की कॉन्ट्रास्ट फुटतो, नवरदेवाच्या काळ्या सूटमधला तपशील जातो, शालू भडक लाल ठिपका होऊन बसतो. पॅकमध्ये दोन्ही एकत्र दिलेल्या असतात, तेव्हा फाईलच्या नावात लॉग हा शब्द दिसला की ती फोटोसाठी नाही असं समजा.

मधला रस्ता

लाईटरूम क्यूब फाईल थेट घेत नाही, पण २०१८ च्या एप्रिलपासून प्रोफाईलच्या (फोटोच्या मूळ रंगांच्या पायाच्या) पोटात लट ठेवता येते. फोटोशॉपबरोबर येणाऱ्या 'कॅमेरा रॉ' या सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट्सच्या पॅनेलमध्ये नवीन प्रीसेटच्या खुणेवर ऑल्ट दाबून क्लिक केलं की प्रोफाईल बनवायची खिडकी उघडते. तिथे कलर लुकअप टेबलवर टिचकी मारून फाईल निवडायची. ते प्रोफाईल लाईटरूममध्येही दिसतं, त्याला शून्य ते दोनशे असा मात्रेचा स्लायडर मिळतो आणि बाकीचे सगळे स्लायडर तुमच्यासाठी मोकळे राहतात. हे प्रोफाईल मग प्रीसेटमध्ये साठवा. मी सध्या असंच काम करतो: रंगांचा आत्मा लटमधून, आणि ग्रेन, शार्पनिंग, हिरव्या-पिवळ्याची दुरुस्ती प्रीसेटमधून. बाजारात मिळणाऱ्या काही फिल्म लूकच्या प्रीसेटमध्येही आत अशी लट दडलेली असते. म्हणून प्रीसेट लावल्यावर सगळे स्लायडर शून्यावर दिसले आणि तरी रंग बदलले, तर वर प्रोफाईलचं नाव काय आहे ते बघा.

मोबाईलवरचं थोडक्यात: फोटोंसाठी लाईटरूमच्या अ‍ॅपमध्ये प्रीसेट, रील्ससाठी क्यूब घेणाऱ्या व्हिडिओ अ‍ॅपमध्ये लट. मोबाईलचे जेपीजी आठ बिटचे असतात, म्हणजे रंगांच्या पायऱ्या कमी, त्यांवर जोरकस लट लावली तर आकाशात पट्टे दिसतात. मात्रा पन्नाशीच्या आत ठेवा.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडून एखादा नमुना मिळतो का बघा आणि तो त्याच्या फोटोंवर नको, तुमच्या चार फोटोंवर लावा. पहिला, पिवळ्या कापडाच्या मांडवातली भर दुपारची हळद. दुसरा, चुड्याचा जवळून घेतलेला हात, शक्यतो पैठणीच्या जरीवर टेकलेला. तिसरा, दोन्हीकडच्या नातेवाइकांचा समूहफोटो, ज्यात गोऱ्यापासून काळ्यासावळ्यापर्यंत सगळे चेहरे असतील. गोऱ्या चेहऱ्यावर खुलणारा लूक आजोबांच्या रापलेल्या चेहऱ्यावर कसा बसतो ते नीट बघा. चौथा, रात्रीच्या रिसेप्शनचा, जांभळ्या-निळ्या एलईडीखाली काढलेला, कारण तो निळा आधीच टोकाला गेलेला असतो आणि कमी बिंदूंची लट तिथेच तुटते.

चारही फोटो शंभर टक्के झूमवर बघा. मग चुड्याचा फोटो एकदा साध्या कागदावर नाही, तुमच्या नेहमीच्या लॅबमध्ये अल्बमच्याच कागदावर छापून आणा आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी धरून बघा.