दोन घनमीटरचा गोबर गॅस: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा वापरून झाल्यावर

गोबर गॅस घ्यावा का, असं गावातल्या बायका मला आता विहिरीवर, दळणाच्या चक्कीवर थांबवून विचारतात. घ्या, असंच मी सांगते. पण त्याआधी प्रत्येकीला एक प्रश्न करते: सकाळी तुमच्या गोठ्यात शेण किती पडतं? जनावरं किती आहेत ते मी विचारत नाही, कारण त्याच आकड्यावर जाऊन आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कितीतरी संयंत्रं बंद पडली. जुन्या लोखंडी टाक्या अजूनही काही वाड्यांच्या मागे गंजत पडल्या आहेत, आणि त्या दाखवून लोक म्हणतात की गोबर गॅस आपल्याकडे चालत नाही. चालतो. त्याला रोज खायला मिळालं पाहिजे.

आमच्याकडे गवळाऊची बैलजोडी आहे, एक गाय, दोन नागपुरी म्हशी आणि एक वगार. कागदावर हिशोब सोपा दिसतो. मोठं जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण टाकतं आणि रोजच्या एक घनमीटर गॅसला पंचवीस किलो शेण लागतं. म्हणजे आमच्या गोठ्यावर दोन घनमीटर आरामात, ओढूनताणून तीनही बसावेत. बांधकाम करणारा तीनचाच आग्रह धरत होता. पण आमची गाय गुराख्याच्या कळपात जाते, तिचं दिवसाचं शेण रानात राहतं. डवरणी-वखरणीच्या दिवसांत बैल पहाटे निघून अंधार पडल्यावर परततात, त्यांचंही अर्धं शेण वावरात पडतं. म्हणून बांधायच्या आधी, ऐन खरिपात, आम्ही टोपल्यातलं शेण धान्याच्या काट्यावर टाकून पाहिलं. ते जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलो भरलं. तेव्हाच तीनचा विचार सोडला. मोठं संयंत्र बांधून अर्धपोटी ठेवलं की आत साय धरते, दाब येत नाही, स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला पातळ शेणकाला, बाहेर सरकत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत माणसं कंटाळून चुलीकडे परततात. ज्या महिन्यात गोठ्यात सगळ्यात कमी शेण पडतं, त्या महिन्याचं माप धरून संयंत्र बांधावं, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

पोळ्याच्या आधी बांधकाम उरकलं. विटांचा घुमट असलेला 'दीनबंधू' नमुना घेतला. खादी आयोगाच्या जुन्या नमुन्यात वर-खाली होणारी लोखंडी टाकी असते. ती दिसायला सोयीची, गॅस किती आहे ते लांबूनच कळतं, पण गंजते आणि दरवर्षी रंग मागते. हल्ली पिशवीसारखी तयार संयंत्रंही मिळतात, खड्ड्यात ठेवली की झालं. ज्यांची जागा भाड्याची आहे त्यांना ती बरी. आमच्या गोठ्यात मात्र मोकाट वगार, उंदीर आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन, त्यामुळे पिशवीवर माझा जीव बसला नाही.

विटांच्या घुमटाला आपल्याकडे खरा धोका जमिनीचा आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या ओढाताणीत घुमटाला बारीक चीर गेली की गॅस हवेत जातो आणि कुठून जातो ते सापडत नाही. ह्यांनी खड्डा लागतो त्यापेक्षा मोठा खणून घेतला आणि बांधकामाभोवती काळी माती परत न टाकता मुरूम भरून धुम्मस केला. त्यासाठी दोन ट्रॉल्या मुरूम जास्तीचा लागला. गवंडी कुरकुरला, पण संयंत्रावरचा गवंडी सरावातलाच हवा, आतल्या गिलाव्यात कसूर चालत नाही, आणि मुरमावर काटकसर करू नका. उरलेला पावसाळा आणि हा कडक उन्हाळा गेला, घुमट अभंग आहे.

पहिल्या भरणाला दोन टनांच्या आसपास शेण लागतं. ते एका घरचं नसतंच. शेजारपाजारहून बंड्या भरून आणलं, तेवढंच पाणी घालून शेणकाला केला. मग वाट पाहायची. सुरुवातीला जो गॅस येतो तो पेटत नाही, कारण त्यात कर्बवायूच (कार्बन डायऑक्साइड) जास्त असतो. तो सोडून द्यायचा असतो. ह्याच टप्प्यावर पुष्कळ जणांचा धीर सुटतो. आमच्याकडे निळी ज्योत धरली त्या संध्याकाळी शेजारच्या बाया पाहायला आल्या होत्या, आणि दिव्याच्या उजेडात ती नीट दिसली म्हणून बरं झालं. दिवसा उन्हात ही ज्योत दिसत नाही, हात जवळ नेताना भान ठेवावं लागतं.

आता स्वयंपाकाचं. घरात आम्ही सहा माणसं. दोन घनमीटर गॅसवर एक बर्नर चार-साडेचार तास चालतो असं सांगतात, आणि उन्हाळ्यात ते खरं ठरतं. सकाळचा चहा, दूध तापवणं, वरण-भात, भाजी, भाकरी आणि संध्याकाळची पातळ भाजी एवढं निघतं. ज्योत सिलिंडरपेक्षा मऊ आहे, भाकरी जरा सावकाश फुगते, पण करपत नाही. शेगडी मात्र गोबर गॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, तिच्यावर ही ज्योत धड लागत नाही. हिशोबच सांगायचा तर एक घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला पाऊण किलोही नाही, अर्ध्या किलोहूनही थोडा कमी, ४३० ग्रॅमच्या आसपास. दोन घनमीटर रोज मिळाला तर महिन्याला पंचवीस-सव्वीस किलो, म्हणजे १४.२ किलोची जवळपास पावणेदोन सिलिंडरं. व्यवहारात आमचं महिन्याला एक सिलिंडर वाचतं, हिवाळ्यात त्याहून कमी. विक्रेते वरचाच आकडा सांगतात, तुम्ही खालचा धरून चाला.

चूल गेलेली नाही. रोडगे गोवऱ्यांच्या आरावरच होतात, त्याला पर्याय नाही, आणि थंडीत सहा जणांच्या आंघोळीचं पाणी तापवण्याएवढा गॅस पुरत नाही. पण रोजच्या स्वयंपाकाचा धूर गेला. सासूबाईंचा खोकला वर्षानुवर्षांचा. त्या म्हणतात, "बाई, आता सयपाकाच्या वक्ती डोये चुरचुरत नाहीत." हे ऐकल्यावर मला सिलिंडरच्या हिशोबाची फारशी गरज वाटत नाही. भांड्यांची बुडं काळी होत नाहीत, हे राखेनं भांडी घासणारीलाच कळेल.

हिवाळा हा ह्या गॅसचा परीक्षेचा काळ. आतले जिवाणू तीस ते अडतीस अंशांत खुशीत असतात, आणि पौषात आपल्याकडे रात्रीचा पारा दहा-बारावर येतो. संध्याकाळची भाजी अर्धी शिजली की ज्योत मिणमिणायची. दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे सकाळी गार पाण्यात शेण कालवण्याऐवजी काळ्या पिंपात दिवसभर उन्हात तापलेलं पाणी दुपारी वापरायचं. दुसरं, घुमटावर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, हातभर थर. पूर्ण भरपाई होत नाही, पण संध्याकाळ निघते. पाइपात पाणी साचतं हेही थंडीतच कळलं: ज्योत नाचायला लागली की सापळ्याची तोटी उघडून पाणी काढायचं, लगेच शांत होते.

उन्हाळ्यात उलट. गॅस भरपूर, पाण्याची पंचाईत. जितकं शेण तितकं पाणी, म्हणजे रोज चाळीस-पन्नास लिटर, तेही वैशाखात. आम्ही म्हशी धुतलेलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वापरतो. साबणाचं किंवा गोठ्यात औषध फवारलेलं पाणी अजिबात टाकत नाही, जिवाणू मरतात. ज्यांच्या घरी मे महिन्यात टँकरचं पाणी येतं त्यांनी ह्या बाबीचा आधी विचार करावा.

आता स्लरी. गॅससाठी संयंत्र घेतलं, पण आज कोणी विचारलं की काय जास्त मोलाचं, तर मी स्लरीच म्हणेन. उकिरड्यावर शेण वर्षभर उघडं पडतं, उन्हानं वाळतं, पावसात धुपतं, त्यातला नत्र उडून जातो आणि सडताना मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशोबानं मिथेन कर्बवायूच्या अठ्ठावीस पट तापवतो म्हणतात. तोच मिथेन इथे शेगडीत जळतो. खत मात्र कुठे जात नाही. शेणातलं सत्त्व जाळलं तर जमिनीला काय उरेल, असा प्रश्न आमच्या मामंजींनाही पडला होता. गॅसमध्ये कर्ब जातो, नत्र-स्फुरद-पालाश स्लरीत उरतात, हे त्यांना वांग्याच्या वाफ्यावर पटलं. ताजी स्लरी पातळ करून त्यांनी स्वतःच एका ओळीला घातली होती.

कच्च्या शेणखतातून वावरात तणाचं बी येतं आणि हुमणी येते, कारण भुंगेरे न कुजलेल्या शेणात अंडी घालतात. स्लरीत आंबून निघालेल्या खतात तण खूपच कमी आलं. ओली स्लरी वाहून नेणं जड जातं, म्हणून दोन खड्डे केले. एक भरत असताना दुसरा आटतो. खड्ड्यात पालापाचोळा, कुटार आणि यंत्रातून बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) टाकतो, त्यावर स्लरी सोडतो.

पऱ्हाटीचा मुद्दा विदर्भातल्या वाचकांनी जरा थांबून वाचावा. आपण पऱ्हाटी जळणासाठी घराशेजारी, बांधावर रचून ठेवतो. तिच्यावरच्या न उमललेल्या कवडी बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त अवस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात परत कपाशीवर येते. २०१७ साली तिनं आपल्याकडे काय केलं ते कोणाला सांगायला नको. कृषी विभागाचे लोक दर उन्हाळ्यात सांगतात की पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका, पण घरात चूल पेटवायची असेल तर बाई ढीग ठेवणारच. रोजच्या जळणाची गरज भागली तेव्हाच आम्हाला ते ऐकणं परवडलं. यंदा आमच्या अंगणात ढीग नाही. बारीक केलेली पऱ्हाटी स्लरीच्या खड्ड्यात गेली, तीही फाल्गुन संपायच्या आत. एका घरानं केलं म्हणून अळी थांबत नाही, आख्ख्या शिवारानं करायला हवं. म्हणून हे इतकं लांबवून लिहिलं.

धंदेवाल्यांसाठीही थोडं. फाट्यावर आमच्या नात्यातल्या एकांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. आलूबोंडा, पोहे-तर्री, दुपारी थाळी. हॉटेलात घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं, त्यामुळे त्यांची बचत आमच्यापेक्षा जास्त व्हायला हवी होती. शिळा भात, बटाट्याची सालं, पेज ह्यातून शेणापेक्षा किलोमागे जास्त गॅस निघतो. पण त्यांच्या पोऱ्यांनी कढईतलं जळकं तेल, लिंबाची सालं, सगळंच आत लोटलं. संयंत्र आंबट झालं, गॅस यायचा पण पेटायचा नाही. मग भरण थांबवून आमच्याकडून पाट्या भरून शेण नेलं, थोडी चुन्याची निवळी घातली, तेव्हा हळूहळू ताळ्यावर आलं. आता हॉटेलात दोन बादल्या वेगळ्या आहेत आणि तेलाची बादली संयंत्राकडे जात नाही. त्या गॅसवर त्यांचा चहा आणि दूध निघतं. तळण सिलिंडरवरच, कारण तळणाला लागणारी तेज आच ह्या ज्योतीत नाही. हॉटेलवाल्यांनी एवढीच अपेक्षा ठेवावी.

गळती पाहायची तर साबणाचं पाणी सांध्यांना लावून, काडी ओढून कधीच नाही. टाकीत काहीही पडलं तरी माणसानं आत उतरायचं नाही, आतल्या वायूनं क्षणात शुद्ध हरपते. स्लरीच्या खड्ड्याला कुंपण हवं, लहान लेकरं असतील तर पहिल्याच दिवशी.

अनुदानाची विचारपूस पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. केंद्राच्या २०२१-२२ पासूनच्या कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी २२,००० रुपये ठरले होते. बांधण्याआधी चालू वर्षाचं तिथूनच पक्कं करून घ्या. पैसा बांधकाम झाल्यावर, पाहणी झाल्यावर येतो, तोवर सगळा खर्च आपल्याच पदरचा. भूमिहीन किंवा एक-दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्यांना ही वस्तू उपयोगाची नाही, आणि गावातली अशी घरं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन शेजाऱ्यांचं मिळून एक संयंत्र होऊ शकतं, पण रोज शेण कोण कालवणार हे आधी ठरलं पाहिजे. आमच्याकडे ते काम मी आणि मामंजी आळीपाळीनं करतो, अर्धा तास जातो.

संडास जोडला तर त्याच कार्यक्रमात १,६०० रुपये जास्तीचे होते. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी हे कितीतरी दशकांपूर्वी करून दाखवलं. मी जोडायला तयार आहे, मामंजींनाही हरकत नाही. सासूबाईंना त्या ज्योतीवर नैवेद्य शिजलेला चालणार नाही. आमचा खड्डा जोडणीसाठी मोकळा ठेवलेला आहे, पाइपाची जागाही सोडली आहे. पुढच्या पोळ्यापर्यंत काय ठरतं ते इथेच लिहीन.