जैसलमेरला कुणी आपल्या मराठीत हाक मारली तर आधी हे वाचा

थंडी सुरू झाली की आपल्याकडनं बरीच पोरं गाडी घेऊन राजस्थानला निघतात, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव सगळीकडनं, म्हणून हे लिहून ठेवतोय. मी एकटाच गेलेलो, जुनी वॅगन आर, केए २३ पासिंग, आणि खर्चाला एकदम हात आखडता. झोपायला धर्मशाळा नाहीतर गाडीतच मागची सीट पाडून, खायला घरची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाचा मोठा डबा. खरा खर्च म्हणजे पेट्रोलच. गुजरातची हद्द संपायच्या आत टाकी फुल करून घ्या, राजस्थानात पेट्रोल महाग पडतंय, आपल्या कर्नाटक हद्दीतल्या कोगनोळीला कोल्हापूरची माणसं टाकी भरायला येतात तसाच प्रकार तिकडं सांचोरच्या अलीकडं. तिथनं बाडमेर आणि मग जैसलमेर, रस्ते एक नंबर, कुठं काही त्रास नाही.

त्रास जैसलमेरात. गडीसर तलावाजवळ गाडी लावून चहा घेत होतो तर मागनं आवाज, "काय पाव्हणं, निपाणी का चिकोडी?"

आता बघा, हा प्रश्न किती हुशारीचा आहे. माझ्या मागच्या काचेवर "जोतिबाच्या नावानं चांगभलं" लिहिलंय. नंबर कर्नाटकचा आणि काचेवर मराठी, म्हणजे गाडी आपल्या सीमाभागातलीच, दुसरीकडची असूच शकत नाही. पण हे कळायला माणूस इकडं राहिलेला पाहिजे. दिल्लीवाल्याला नाही कळणार, पुण्यामुंबईच्या माणसालासुद्धा पटकन नाही कळणार. ह्याला कळलं, ते पण चहाचा कप हातात धरून दहा फुटावरनं.

पस्तिशीचा असेल, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम सभ्य. म्हणाला दाजींचं इचलकरंजीला हार्डवेअरचं दुकान, तिथं बरीच वर्षं काउंटरवर होतो, आता गावाकडं आलोय. ह्यात शंका घेण्यासारखं काहीच नाही हो. निपाणीतच बघा की, हार्डवेअर, इलेक्ट्रिक, मोबाईल, मिठाई, अर्ध्या दुकानांचे मालक जालोर, पाली, सिरोहीकडचे, त्यांची पोरं आपल्या पोरांबरोबर शाळेत, मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात आणि गिऱ्हाईक बघून कानडी पण. त्यामुळं राजस्थानात एखादा माणूस "लई लांब आलासा की" म्हणाला तर ते नवल नाहीच. वर ह्यानं मला विचारलं काय, तर यंदा तंबाखूला दर काय निघाला. कोगनोळी टोलची रांग कमी झाली का. असं विचारणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येणार?

आणि एक गोष्ट आपली पण आहे, सीमाभागातल्या माणसांची. १९५६ पासून मराठीसाठी भांडत आलेली घरं आपली, १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत आजोबा चालले, वडील चालले. परमुलखात कुणी मराठीत बोललं की आपण लगेच त्याला घरचा माणूस करून टाकतो. त्या माणसाला हे बरोबर माहीत होतं. माझे पैसे तिथनंच गेले, बाकी सगळं नंतरचं.

चहाचे पैसे त्यानंच दिले. मग मला सावध करायला लागला! तिकडं टुरिस्टला गाठून गळ्यात पडणाऱ्या एजंट लोकांना लपके म्हणतात, राजस्थान सरकारनं २०१० साली अशा लोकांवर कायदासुद्धा केलाय, हे मला त्यानंच सांगितलं, आणि नंतर बघितलं तर ते खरं निघालं. समोर हॉटेलचं कार्ड घेऊन फिरणारा एक पोरगा दाखवून म्हणाला, "त्यो बघा लपका. असल्यांच्या नादाला लागू नका, लुबाडतील." ते पोरगं बिचारं दिवसभर उन्हात कार्ड वाटत होतं, त्यानं माझं काहीच वाकडं केलं नाही.

मग हळूच तनोटचा, म्हणजे सीमेजवळच्या तनोट माता मंदिराचा, विषय काढला. "तनोटला जाणार न्हवं? पास काढलासा का?"

मी म्हटलं कसला पास. तर म्हणे बॉर्डर एरिया आहे, पासशिवाय रामगढच्या पुढं सोडत नाहीत, काल एक गाडी परत पाठवली, आणि उद्या ऑफिस बंद. चला म्हणाला, ओळखीचा आहे. हनुमान चौराह्याच्या मागं एका गल्लीत झेरॉक्सचं दुकान, आत टेबलावर एकजण बसलेला. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, एक छापील कागद काढला, वर "सीमा क्षेत्र प्रवेश अनुमति", चारसिंही मुद्रा होती पण झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून सिंहांची तोंडं पुसून गेलेली. गाडी नंबरचा रकाना, माणसांचा रकाना, खाली जांभळा गोल शिक्का. शिक्का इतका ओला होता की कागद घडी केल्यावर त्याचा ठसा वरच्या माझ्या नावावर उमटला. माणसाचे ६००, गाडीचे ९००, लोंगेवाल्याला, म्हणजे १९७१ च्या लढाईच्या जागेवर, कॅमेऱ्याचे ३००, सगळं रोख, कारण "सरकारी काम हाय, ऑनलाईन चालत न्हाई". पावती मागितली तर पास हीच पावती.

त्यातच रात्री राहायला सम गावाजवळचा वाळूतला कॅम्प. एरवी चार हजार, आपल्या माणसाला २२००, जेवण, नाच-गाणं, उंटाची फेरी सगळं धरून, पण आगाऊ पूर्ण भरायचे. हे मात्र यूपीआयवर. स्क्रीनवर नाव भलतंच आलं, विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं आहे.

आता खरं काय ते ऐका. तनोट माता मंदिर आणि लोंगेवाला, दोन्हीकडं भारतीय माणसाला जायला कसलाही पास लागत नाही. ओळखपत्र जवळ ठेवायचं, बास. तनोटच्या पुढं थेट सीमेपर्यंत जायचं असेल तर बीएसएफची परवानगी लागते, आणि ती झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही.

जैसलमेर ते तनोट साधारण १२० किलोमीटर. रामगढ निम्म्यावर येतं, तिथं पेट्रोल भरून घ्या, पुढं भरवसा नाही. पवनचक्क्या मागं पडल्या की मग काही नाही, खेजडीची झाडं तुरळक, शेळ्यांचे कळप, काळा कुळकुळीत रस्ता आणि वाऱ्यानं त्यावर आलेली वाळू. मोबाईलची रेंज येते जाते, मग नुसतीच जाते. कुठंही कुणी पास मागितला नाही, तेव्हाच मनात जरा चुकचुकलं.

मंदिर बीएसएफ सांभाळते. १९६५ च्या लढाईत आजूबाजूला पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब तिथं काचेत ठेवलेत, जरूर बघा. दर्शन झाल्यावर बाहेर एका जवानाला मी स्वतःहून पास दाखवला, म्हटलं लोंगेवाल्याला हाच चालेल ना. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्याला हाक मारली. "मंदिर है भाई, माता के दर्शन का पास कब से लगने लगा?" चेष्टा नाही केली त्यानं, उलट वाईट वाटलं त्याला, शहरात जाऊन पोलिसांत द्या म्हणाला.

आमचं बोलणं ऐकून सुरतेचं एक कुटुंब पुढं आलं. त्यांच्याकडं पण तसलाच कागद, तोच जांभळा शिक्का, माणशी ६०० प्रमाणे, म्हाताऱ्या आजींचे सुद्धा लावलेले. त्यांना पास काढून देणारा माणूस? चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि म्हणे फाडफाड गुजराती बोलत होता, सुरतेच्या कापड मार्केटमध्ये मामाकडं कामाला होतो असं सांगितलं होतं. मी आणि तो सुरतेचा काका एकमेकांकडं बघत राहिलो. म्हणजे गाडीचा नंबर बघायचा आणि तशी भाषा काढायची. ह्या कलेनं तो कुठंही चांगली नोकरी मिळवला असता!

लोंगेवाल्याबद्दल जास्त लिहित नाही, १९७१ च्या डिसेंबरात पंजाब रेजिमेंटच्या तुकडीनं जिथं रात्रभर रणगाडे अडवले ती जागा, पकडलेले रणगाडे अजून वाळूत उभे आहेत. फोटो काढायला वेगळा पास वगैरे काही नाही, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी समला. मला दिलेल्या नावाचे, किंवा नावात थोडा इकडंतिकडं फरक असलेले दोन-तीन कॅम्प निघाले, एकाच्याही वहीत माझं नाव नव्हतं. शेवटच्या कॅम्पच्या मॅनेजरनं २०० रुपये घेऊन आवारात गाडी लावू दिली आणि बाथरूम वापरू दिलं, भला माणूस. रात्री वाळवंटात थंडी काय पडते ते गाडीत झोपल्यावर कळतंय, दोन चादरी आणि जर्किन घालून पण पाय गार.

सकाळी रेंज आल्यावर त्या चष्मेवाल्याला फोन लावला. मला वाटलेलं बंद असेल, पण पहिल्याच रिंगला उचलला. "अवो पोरानं घोळ घातला बघा, लई वाईट वाटलं, आत्ताच्या आत्ता रिफंड टाकतो." दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला, खाली लिहिलेलं "रिफंड २२००". स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. इथं नीट लक्ष द्या, कारण ही तिसरी लूट असते आणि बरेच लोक रागाच्या भरात हिला बळी पडतात. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना टाकायचा असतो. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना पिन. तो कोड स्कॅन करून पिन टाकला असता तर आणखी २२०० गेले असते. मी म्हटलं माझा नंबर तुमच्याकडं आहे, सरळ त्यावर टाका. तेव्हा जरा थांबला. मग "सर ऐसे नहीं होता, सिस्टम समझिए" असं हिंदी सुरू झालं. मी मराठीत विचारतोय, तो हिंदीत उत्तर देतोय. आणि मग कट, त्यानंतर ब्लॉक.

१९३० ला फोन केला. ही सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाईन, तक्रार वेबसाईटवर पण टाकता येते. माझं सिम कर्नाटकचं म्हणून पलीकडनं कानडीत बोलले, आपल्याला चालतंय. व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम, स्क्रीनशॉट एवढं तयार ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, कारण समोरच्या खात्यातनं पैसे पुढं सरकायच्या आत ते अडवायचे असतात. माझी पूर्ण रात्र रेंजशिवाय गेली होती, त्याचा फटका बसला. रोख दिलेल्या १८०० चं १९३० वाले काही करू शकत नाहीत, त्यासाठी जैसलमेरला पोलिसांत लेखी तक्रार दिली, मूळ पास जोडून, फोटो माझ्याकडं ठेवून. झेरॉक्सचं दुकान दाखवायला गेलो तर शटर बंद. तुम्ही तक्रार न देता घरी परत आला असाल तरी चालतंय, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर आहे, गुन्हा कुठंही घडलेला असू दे, आपल्या गावच्या ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो. "तिकडं जाऊन द्या" म्हणाले तर हे सांगा.

पैशापेक्षा मला आधारच्या झेरॉक्सची जास्त काळजी होती. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, ते बघितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. आता कुणीही मागितलं तर मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, खोली घ्यायला वगैरे तेवढं पुरतं.

परत आल्यावर आमच्या पाईप-फिटिंगच्या दुकानदाराला सांगितलं, ते मूळचे जालोरचे, तीस-चाळीस वर्षं निपाणीत. ते एवढे चिडले की गिऱ्हाईक सोडून इचलकरंजीला फोन लावायला बसले, चार हार्डवेअरवाल्यांना विचारलं, त्या नावाचा दाजी कुणालाच माहीत नाही. मग मला म्हणाले, "आमच्यातला खरा माणूस असता तर तिथल्या तिथं दाजींना फोन लावून तुमच्या हातात दिला असता. आमची माणसं ओळख सांगितली की पहिला फोनच लावतात." मला हे एकदम पटलं. त्या माणसानं सगळं केलं, चहा पाजला, तंबाखूचा दर विचारला, पण दाजींना फोन काही लावला नाही. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, गल्ली विचारायची आणि समोरच लावा म्हणायचं. खरा असेल तर त्याला आनंदच होईल, दाजी पण खूश.

परवा बँकेतनं कळलं, समोरच्या खात्यात २२०० पैकी ७०० तेवढे होल्ड झालेत, बाकीचे त्याच रात्री पुढं गेले. ते ७०० मिळवायला पण अर्ज, तक्रारीची प्रत, पासबुकाची झेरॉक्स असं सगळं द्यायचंय. सोमवारी जाऊन देतोय.